दोन बिनकांद्याचे

उद्यासाहेबांच्या बायकोला मंगळवारी दुपारी सव्वाएक वाजता भूक लागली.

यात काय मोठंसं, दुपारी सव्वाएकला अख्ख्या जगाला भूक लागते, असं कुणी म्हणेल. पण या घरात ती बावीस दिवसांनी आली होती. आधी ताप आला, आठ दिवस मुक्काम ठोकून राहिला, आणि जाताना बाईंच्या नाकातला वास आणि जिभेवरची चव दोन्ही बरोबर घेऊन गेला. पाहुण्यानं निघताना उशी-चादर काखोटीला मारून न्यावी तसा. तेव्हापासून साखर आणि मीठ तिला एकाच आईची लेकरं. एकदा दूध उतू गेलं, करपलं, भांड्याचा कोळसा झाला, धुराच्या वासानं शेजारी दार ठोठावायला आले, आणि ही त्याच खोलीत शांतपणे पालेभाजी निवडत बसलेली. मऊ भात पुढे ठेवला की चार घास आत ढकलायची आणि म्हणायची, "कागद चावल्यासारखं लागतं हो."

कागदाची चव उद्यासाहेबांना ठाऊक होती. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीत चौतीस वर्षं बसून त्यांनी लोकांच्या अर्जांची पानं बोट जिभेला लावूनच उलटली होती. 'उद्यासाहेब' हे नाव त्याच खिडकीतलं. ते त्यांना तोंडावर कुणी म्हणत नसे. निरोप समारंभात वरिष्ठांची जीभ घसरली, "आपले लाडके उद्यासाहेब" असं ते माईकवर बोलून गेले, सभागृह पोट धरून हसलं, आणि साहेबांना कळलं की आपलं एक नाव चौतीस वर्षं आपल्या पाठीमागून चालत होतं. कारण उघड होतं. त्यांनी कधी कुणाला 'नाही' म्हटलं नाही. 'नाही' त्यांना उद्धट वाटे. ते म्हणत, "उद्या या." या शब्दात आशा आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

बायकोचं मत वेगळं होतं आणि ते तिनं दोन ओळींत बांधून ठेवलं होतं. तिला ती खोडच होती. घरात काही घडलं, कप फुटला, पाहुणा आला, मांजरीनं पिल्लं घातली, की ही दोन ओळी जुळवायची आणि पोळीची कणीक तिंबता तिंबता हळू आवाजात म्हणायची. नवऱ्यावरच्या ओळी अशा होत्या:

*आज म्हणे उद्या देतो, उद्या म्हणे या हो परवा,*
*माझ्या घरधन्याचा गं शब्द अजून हिरवा.*

बावीस दिवसांत तिनं एकही ओळ जुळवली नव्हती. चव गेली त्याचं साहेबांना वाईट वाटलं होतं, पण त्या ओळी थांबल्या तेव्हा घराचाच नळ बंद झाल्यासारखं झालं. आणि नळ बंद झाल्यावर काय वाटतं, हे त्यांना पहिल्यांदाच पलीकडच्या बाजूनं कळत होतं.

तर त्या मंगळवारी ती उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "अहो, ते गोल असतं ना... दोन पावांच्या मधे काहीतरी दडपलेलं? भाचीनं मागे आणलं होतं. ते खावंसं वाटतंय."

"बर्गर?"

"तेच. काय नाव, ढेकर दिल्यासारखं."

साहेब एका पायात चप्पल घालून दुसरी शोधू लागले. डॉक्टरांनी बजावलं होतं: भूक परत येईल ती चोरपावलांनी येईल, जे मागेल ते लगेच द्या, ती इच्छा मोडली तर पुन्हा कधी उगवेल सांगता येत नाही. "अर्ध्या तासात आलो," असं म्हणून साहेब जिन्यात आले, आणि तिथे सल्लागार उभे होते.

सल्लागार म्हणजे समोरच्या दारातले गृहस्थ. आयुष्यभर त्यांनी दोरखंडाचा व्यापार केला, पण त्यांचे साडू एका दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यामुळे वैद्यकीय बाबतीत इमारतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी साहेबांच्या हातातली पिशवी पाहिली, काय आणायला निघालात ते विचारून घेतलं आणि भुवई वर केली.

"बर्गर? आणा. जरूर आणा. पण कांदा नको हं!"

"का?"

"का म्हणून काय विचारता, साहेब? तापातून उठलेल्या माणसाला कांदा? कांद्यानं ताप उलटतो. आमच्या साडूंनी डोळ्यांनी पाहिलंय."

ताप उलटतो म्हणजे नेमकं काय होतं, हे विचारायचं धैर्य साहेबांना झालं नाही. ताप तव्यावरच्या पोळीसारखा उलटताना त्यांना दिसला. बिनकांद्याचा, बिनकांद्याचा, असा जप करत ते कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले.

पूर्वी तिथे छत्र्यांचं दुकान होतं. मालक प्रत्येक छत्री उघडून, मिटून, पुन्हा उघडून दाखवी, आणि गिऱ्हाईक कंटाळून एक घेऊन जाई. आता तिथे काच होती, आत थंडगार हवा होती, आणि भिंतीवर साहेबांपेक्षा उंच अक्षरांत लिहिलं होतं: 'दोन मिनिटांत, हसतमुखानं!' घड्याळात एक वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

दारातच एक उंच यंत्र उभं होतं. त्याच्या काचेवर बोट ठेवून काय हवं ते निवडायचं. साहेबांनी चष्मा नाकावर ठीक केला, बर्गराचं चित्र दाबलं. यंत्रानं पेय सुचवलं. त्यांनी नाकारलं. यंत्रानं मोठं पेय सुचवलं. त्यांनी तेही नाकारलं. मग 'बदल करा' असं एक बटण आलं, ते दाबलं, तर काच काळी पडली आणि त्यावर अक्षरं उमटली: 'आपण अजून इथे आहात का?'

हा प्रश्न त्यांना घरातही कुणी इतक्या परखडपणे विचारला नव्हता. "आहे," ते म्हणाले. यंत्राचा विश्वास बसला नाही. ते पुन्हा पहिल्यापासून पेय सुचवू लागलं.

"बंद आहे ते, काका!" आतून एक आवाज आला. "चालू दिसतं फक्त."

साहेब काउंटरशी गेले. तिथे लाल टोपी घातलेली, पंचविशीची एक बाई उभी होती. आपण तिला टोपीवाली म्हणू, कारण छातीवर नावाची पट्टी होती, पण ती उलटी लागली होती. तिच्या एका कानात तारेचं यंत्र होतं, त्यातून गाडीत बसून खाणं मागवणारे लोक बोलत होते. उरलेला कान साहेबांच्या वाट्याला होता. शेजारी दोन टोप्या मोबाईलमध्ये डोकं घालून उभ्या होत्या, आणि मागे एक टोपी फरशीचा एकच चौरस मनापासून पुसत होती.

"बोला."

"दोन, बिनकांद्याचे." एक बायकोसाठी आणि एक स्वतःसाठी, कारण एकटीनं खाताना तिच्या घशाखाली कधीच घास उतरत नसे.

"दोन-तीन कांद्याचे?"

"हो. दोन. बिनकांद्याचे."

"दोन, तीन कांद्याचे. नक्की ना? ...नाही, तुम्हाला नाही, गाडीला म्हणतेय. हां काका, नक्की?"

"अगदी नक्की," साहेब म्हणाले, आणि मनात म्हणाले, वा, पोरगी चोख आहे, तीनदा विचारते.

चिठ्ठी हातात आली. क्रमांक एकोणसाठ. खाली लिहिलं होतं: 'ब. २, कां. ३'. खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला संक्षेपांचा आदर असतो, तो त्यांचा अर्थ विचारत नाही. 'कां. ३' म्हणजे 'कांदा, कलम तीन अन्वये रद्द' असा अर्थ साहेबांनी लावला आणि ते खुर्चीवर बसले. खुर्ची जमिनीला स्क्रूनं जखडलेली होती आणि टेबलापासून इतकी दूर की पुढे वाकावं तर पोट दुमडे, मागे टेकावं तर टेबल परक्याचं वाटे. गिऱ्हाइकानं फार वेळ बसू नये याची ती सोय होती. पण मग खाणं तरी लवकर द्यायला हवं, हा दुसरा अर्धा विचार करायला खुर्ची करणाऱ्याला सवड झाली नसावी.

दोन मिनिटं झाली. दहा झाली. पंचवीस झाली. क्रमांकांचा फलक बिघडला होता म्हणून टोपीवाली ओरडून सांगत होती. "एकोणसत्तर!" कुणी उठलं नाही. "एकोणसत्तर!" साहेबांनी तिरकस नजरेनं इकडेतिकडे पाहिलं. असतात असे बेजबाबदार लोक, मागवून ठेवतात आणि झोपा काढतात. पाऊण तास होत आला तेव्हा टोपीवाली कंबरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"काका, घसा बसला माझा! किती वेळ हाका मारतेय."

"माझा एकोणसाठ आहे."

"तेच म्हणतेय ना मी. एकोणसत्तर."

"एकोणसत्तर म्हणजे सहावर नऊ. हा पाचावर नऊ. एकोणसाठ."

तिनं चिठ्ठी पाहिली. साहेबांकडे पाहिलं. "पाचावर नऊ, म्हणजे पन्नासातलाच ना?"

"हो."

"मग त्याला साठ कसं म्हणायचं? साठ आहे कुठे त्यात?"

साहेबांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. गेली सहा दशकं हा आकडा ते बिनदिक्कत वापरत आले होते, आणि आज पहिल्यांदा त्यांना वाटलं की पोरगी म्हणते त्यात चूक काही नाही. पण खाणं मात्र गार झालं होतं.

पिशवी घेऊन निघणार, तोच त्यांना स्वतःच्याच हातानं रंगवलेली एक पाटी आठवली. तक्रार खिडकीवर ती वीस वर्षं होती: 'कागद तपासून घ्या. खिडकी सोडल्यावर तक्रार ऐकली जाणार नाही.' त्यांनी काउंटरशीच पुडकं उघडलं. पावाचं वरचं झाकण उचललं.

आत कांदा होता. थोडाथोडका नाही. कांद्याचा ढीग होता, चकत्या एकीवर एक रचलेल्या, मधली टिक्की कुठेतरी तळघरात गाडलेली. दुसरं पुडकं उघडलं. तिथेही तीच समृद्धी. वासाचा असा भपकारा आला की मोबाईलमधल्या दोन्ही टोप्यांनी मान वर केली, आणि त्या दुकानात कुणी मान वर केल्याची दुपारपासूनची ती पहिलीच नोंद.

"हे काय?"

"तीन कांद्याचे. तुम्हीच सांगितलं."

"बिन! बिन कांद्याचे! ब! बदकातला ब!"

"बिन म्हणजे?"

"बिन म्हणजे... शिवाय. कांद्याशिवाय!"

टोपीवालीचा चेहरा उजळला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं!" ती आत गेली, आणि तीन मिनिटांत कागदी वाटीत गच्च भरलेला चिरलेला कांदा घेऊन आली. "हा घ्या. शिवाय कांदा."

साहेबांनी काउंटरचा काठ धरला. एकाच शब्दात 'वगळून' आणि 'वर आणखी' असे दोन्ही अर्थ घालून ठेवणाऱ्या पूर्वजांबद्दल त्यांच्या मनात जे आलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. घड्याळात अडीच वाजत आले होते. घरी ती उशीला टेकून बसली असेल. भूक म्हणजे फुलपाखरू, हातावर बसलेलं. किती वेळ बसेल?

"मला तुमच्या साहेबांना भेटायचंय," ते म्हणाले, आणि हे वाक्य आपल्या तोंडून निघताना त्यांना चमत्कारिक वाटलं. ते नेहमी काचेच्या दुसऱ्या बाजूनं ऐकलेलं होतं.

'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' असं लिहिलेल्या दारातून टायवाला बाहेर आला. त्याचा टाय गाठ मारलेला नव्हता, चिमट्यानं लावलेला होता, आणि तो बोलला की टाय दारासारखा उघडझाप करी. त्याला एकच वाक्य येत होतं.

"मी समजू शकतो, सर."

"घरी आजारी माणूस आहे. त्यांना कांदा चालत नाही. मी दोनदा सांगितलं..."

"मी समजू शकतो, सर."

"मग बदलून द्या!"

"दिलेला माल परत घेता येत नाही, सर. आणि नवीन बनवायला जुन्याची तक्रार बंद व्हायला हवी."

"मग तक्रार घ्या ना."

"तोंडी तक्रार घेता येत नाही, सर. ॲपवर."

तोंडी तक्रार घेता येत नाही! हे वाक्य साहेबांचं होतं. शब्द न् शब्द त्यांचा. खिडकीत बसून त्यांनी ते जन्माला घातलं, वाढवलं, आणि आज ते टाय लावून त्यांच्यासमोर उभं होतं.

ॲप उतरवायला वीस मिनिटं लागली. त्यानं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, ते मनुष्य आहेत का हे विचारलं, आणि तपासायला नऊ चित्रांतून पूल असलेली चित्रं निवडायला सांगितली. एका चित्रात अर्धा पूल होता. अर्धा पूल हा पूल मानावा का, यावर साहेबांनी बराच विचार केला. मग तक्रारीचे प्रकार आले: 'पदार्थ मिळाला नाही', 'पदार्थ कमी मिळाला', 'पदार्थ थंड होता'. जास्त मिळालं म्हणून तक्रार करणारा माणूस अजून जन्मायचा आहे, असं ॲप लिहिणाऱ्याला वाटलं असावं. शेवटी त्यांनी 'थंड होता' दाबलं, जे खोटं नव्हतं. पडद्यावर एक हसरा चेहरा उमटला आणि त्याखाली ओळ आली:

'आपली तक्रार नोंदवली आहे. आमचा प्रतिनिधी उद्या आपल्याशी संपर्क साधेल.'

साहेब त्या शब्दाकडे बघत राहिले. चार अक्षरंही नाहीत त्या शब्दात. यात आशा आहे, असं ते म्हणत असत. त्यांनी तो शब्द सगळीकडून चाचपून पाहिला. आशा कुठे सापडेना.

"काय वाचताय एवढं?" पाठीमागून एक खणखणीत आवाज आला. "काय म्हणतंय? उद्या या?"

वळून पाहिलं तर साठीच्या एक बाई, गळ्यात मोजमापाची फीत, ओठांत टाचणी धरायची सवय असलेल्या लोकांचे असतात तसे घट्ट ओठ, हातात वाफाळती कॉफी. साहेबांना ओळख पटेना.

"नाही ओळखलंत? मी शिलाईवाली. समोरच्या बोळात माझं दुकान. माझ्या नळाच्या बिलावर माझ्या सासऱ्यांचं नाव होतं, ते बदलायला तुमच्या खिडकीवर आले होते. अकरा वेळा."

"असेल... झालं का काम?"

"झालं. तोवर त्या बिलावरून माणसं मला सासरेबुवा म्हणायला लागली होती." त्या खुर्चीवर बसल्या. "बसा हो उद्यासाहेब. पाऊण तास बघतेय तुम्हाला. इतकी करमणूक तिकीट काढून नाही होत."

"बाई, माझी बायको आजारी आहे," साहेब म्हणाले. "बावीस दिवसांनी तिनं काही मागितलंय."

शिलाईवाल्या बाईंनी कॉफी खाली ठेवली. टाचणी काढल्यासारखे ओठ सैल झाले.

"अस्सं. मग आधी का नाही बोललात? ऐका. तुमच्या खिडकीवर आमची कामं कशी व्हायची, ठाऊक आहे?"

"अर्ज तपासून, क्रमानं..."

"अर्ज गेला खड्ड्यात! तुमचा डबा एक वाजता सुटायचा. पावणेएकला जो खिडकीत उभा राहील आणि हलणार नाही, त्याची सही व्हायची. भुकेल्या माणसाला फाइल नको असते, मोकळीक हवी असते. हे कळायला मला दहा खेपा लागल्या. अकराव्या खेपेला मी पावणेएकला आले."

साहेबांना त्या दुपारच्या सह्या आठवल्या. आपण त्या वेळी फार कार्यक्षम असतो, अशी त्यांची समजूत होती.

"या टोप्या मीच शिवते," बाई म्हणाल्या. "त्यामुळे इथल्या पाळ्या मला पाठ. टोपीवालीची पाळी चारला संपते. सकाळी सातपासून उभी आहे ती, आणि त्या दोघी मोबाईलवाल्या आपल्या वाट्याचंही काम तिच्यावर टाकून उभ्या आहेत. पावणेचारला काउंटरशी जाऊन उभे राहा. हलू नका. आणि हे बघा, तिथे भाषेचा पेपर सोडवू नका. बिन नको, शिवाय नको, वगळून नको. सरळ म्हणा, कांदा नको. तान्हं पोर बोलायला लागतं तेव्हा आधी हाच शब्द शिकतं."

"नको," साहेब पुटपुटले. तोंडाला सवय नव्हती.

"मोठ्यानं."

"नको!"

फरशी पुसणाऱ्या टोपीनं दचकून पुढच्या चौरसाकडे कूच केलं.

पावणेचारला साहेब काउंटरशी उभे राहिले. टोपीवाली एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती, आणि तिची नजर घड्याळाकडे, घड्याळावरून दाराकडे जात होती. ती नजर साहेबांनी ओळखली. कार्यालयातल्या हात धुवायच्या आरशात ती त्यांनी हजारदा पाहिली होती.

"अजून इथेच?" ती म्हणाली.

"हो. एकच द्या. त्यात कांदा नको."

"म्हणजे, बिन..."

"नको. कांदा. नको."

"एवढंच?" ती म्हणाली. "मग हे पावणेदोनला सांगता येत नव्हतं?"

ती स्वतः आत गेली. साहेबांनी काचेतून पाहिलं: पाव भाजला, टिक्की ठेवली, हात कांद्याच्या डब्याकडे गेला, अधांतरी थांबला, मागे आला. तीन मिनिटं चाळीस सेकंद. गरम पुडकं त्यांच्या हातात ठेवून तिनं टोपी काढली. टोपीखाली एक थकलेली, साधी मुलगी होती.

"आणि काका, ते तीन कांद्याचे आणि ती वाटी पण न्या. इथे ठेवलेत तर वासानं रात्रपाळी पळून जाईल."

साहेब घराकडे जवळजवळ धावतच निघाले. पिशवीतून असा दर्प येत होता की रस्त्यावरची माणसं आपोआप वाट देत होती. सव्वाचार. अर्ध्या तासात आलो म्हणून गेलो होतो. आता ती भिंतीकडे तोंड करून पडली असेल, फुलपाखरू उडालं असेल, पुन्हा कधी यायचं ते. जिन्यात सल्लागारांनी नाक दाबलं.

"साहेब! कांदा?!"

"नको," साहेब म्हणाले. शब्द आता तोंडात बसला होता. "आत्ता बोलू नका." आणि पुढे निघून गेले.

दार ढकललं. चप्पल काढतात न काढतात तोच आतल्या खोलीतून आवाज आला.

"अहो, हा कांद्याचा वास कुठून येतोय?"

"अगं, काय सांगू, त्यांनी चुकून... मी बिन म्हणालो, त्यांनी तीन ऐकलं, पण मी तुझ्यासाठी दुसरा..." एवढं बोलून साहेब एका चपलेवर उभे राहिले. "काय म्हणालीस?"

"कांद्याचा वास म्हटलं." तिचा आवाज आता बारीक झाला होता. "अहो... मला वास आला."

ते आत गेले तेव्हा ती उठून बसली होती, नाक वर करून, वाऱ्यावर मान ताणून उभ्या राहिलेल्या हरिणीसारखी. त्यांनी बिनकांद्याचं पुडकं उघडून पुढे धरलं. तिनं ते बाजूला सारलं.

"हा नको. तो द्या. वासाचा."

"पण कांद्यानं ताप उलटतो."

"कोण म्हणतं?"

"सल्लागार."

"दोरखंडवाले?" ती म्हणाली. "कांदा नको असं मी कधी म्हटलं?"

दुपारचे तीन तास साहेबांनी एकामागून एक उलगडून पाहिले: यंत्र, खुर्ची, एकोणसाठ, बदकातला ब, अर्धा पूल. त्यात कुठेही हा प्रश्न त्यांनी तिला विचारल्याची नोंद नव्हती.

तिनं तीन कांद्याचा बर्गर दोन्ही हातांनी धरला आणि पहिला घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. कांद्याचं की कशाचं, हे त्यांनी विचारलं नाही. काही तक्रारी तपासायच्या नसतात. थंड पाव, गार टिक्की, तरी तिनं शेवटचा तुकडाही सोडला नाही. मग दुसरा मागितला. मग कागदी वाटीतला शिवाय कांदा. मग ओठ पुसले, गादीवर बोटांनी हलका ठेका धरला, आणि बावीस दिवसांनी त्या घरात दोन ओळी उमटल्या:

*जीभ बसली रुसून, कोण काढील समजूत?*
*तीन कांदे आले दारी, घरधन्याचे गं दूत.*

बिनकांद्याचा साहेबांनी सल्लागारांना नेऊन दिला. सल्लागारांनी दारातच एक घास घेतला, विचार करत चावला, आणि म्हणाले, "चांगला आहे. पण काहीतरी कमी आहे यात. थोडा कांदा हवा होता."

साहेब परत आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी सुजलेले पाय वर घेतले. ती उशीला टेकली होती. गालांवर रंग आला होता. बऱ्याच दिवसांनी तिनं त्यांच्याकडे ती जुनी, लाडिक, संसार मांडून देणारी नजर टाकली.

"अहो, उद्या पुन्हा आणाल? असाच. तीन कांद्याचा. पण हं, जरा गरम."

आणि जो शब्द उद्यासाहेबांनी चौतीस वर्षं लोकांना फुकट वाटला होता, तो ऐकून त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.